द्वारकाबाईंची पाणपोई

जनावरांसाठी बांधलेल्या हौदावर पाटी लावायची म्हटल्यावर अभय हसला होता.

"नाना, वाचणार कोण? मुंगूस?"

नानासाहेबांनी लेकाकडं पाहिलंसुद्धा नाही. पडेगावच्या पेंटरकडून त्यांनी पत्र्यावर निळ्या अक्षरांत लिहून आणलं, 'कै. द्वारकाबाई यांच्या स्मरणार्थ पाणपोई', आणि ती पाटी हौदाच्या कडेला दगडांच्या बेचक्यात रोवली. मग हात झटकत म्हणाले, "वाचणाऱ्यासाठी नाय लावली. जिच्या नावाची हाय, तिला कळावं म्हणून लावली."

श्रेयाचे तेव्हा दिवस भरत आले होते. सासऱ्यांच्या मागं उभं राहून तिनं ती निळी अक्षरं वाचली आणि पोटावरून हात फिरवत घरात निघून गेली. सासूबाईंना नातवंड बघायला मिळालं नव्हतं.

पडेगाव मागं टाकून दौलताबादच्या रस्त्यानं थोडं पुढं गेलं, की एक कच्ची वाट टेकडीकडं वळते. त्या वाटेच्या शेवटी यांची जमीन. जमीन कसली, मुरूम. बरं वर्ष असलं तर बाजरी, नाहीतर नुसती कुसळं. आजूबाजूच्यांनी चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले, तेव्हा श्रेया अभयला म्हणाली होती, "आपण नको विकायला. आपण इथं एक खोली बांधू. जुन्या धाब्याची, मातीची. लोक येतील, दोन दिवस राहतील, आणि रान आहे तसं राहील." गारखेड्यात वाढलेल्या मुलीच्या तोंडून हे ऐकून द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. "आमचा जलम गेला धाब्यातून निघायला, आन् ही बया पैसे घेऊन लोकांला धाब्यात ठिवायलीय!" पण मग त्याच पदर खोचून उभ्या राहिल्या. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, लाकडांवर मातीचं छत, भर उन्हाळ्यात आत माठासारखा गारवा. भिंतींवर शेवटचा हात त्यांनीच फिरवला. खोलीच्या पाठीमागं थोड्या अंतरावर घरच्यांचं राहतं घर होतं, दोन खोल्यांचं, साधं.

पाहुण्यांच्या खोलीत टीव्ही नव्हता, एसी नव्हता, डास मारायचा फवारा नव्हता. कुंपण तारेचं नव्हतं, बाभळीच्या काट्यांचं होतं, आणि त्यात जमिनीलगत मुद्दाम भगदाडं ठेवलेली होती. अंगणात वाळक्या फांद्यांचा ढीग पडलेला असायचा, तो मुंगसांचा. भिंतीतल्या देवळीत दिवा ठेवायचा नाही, कारण तिथं पिंगळा बसायचा. अंधार पडला की एकच पिवळा दिवा, तोही जमिनीकडं तोंड केलेला. येणारे पाहुणे पहिल्यांदा नाक मुरडायचे आणि जाताना पुन्हा कधी मिळेल म्हणून विचारायचे. "मोर किती वाजता असतात?" असं एकानं फोनवर विचारलं होतं. नानांनी श्रेयाच्या हातातून फोन घेऊन सांगितलं, "पहिली पाळी असती त्यांची. माझ्या पोराची बी शेंद्र्याच्या कंपनीत तीच हाय. उशिरा आलात तर दोघं बी दिसायचे नायीत."

हे असं बोलणारे नाना द्वारकाबाई गेल्यावर वर्षभर गप्प होते.

द्वारकाबाईंच्या किडन्या गेल्या होत्या. शहरातल्या दवाखान्यात शेवटचे दिवस काढले, आणि डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. चैत्राचं ऊन. त्या मागायच्या. नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या त्या जन्मात, पण तेव्हा 'नानासाहेब, घोटभर' म्हणायच्या. नाना कापूस ओला करून ओठांवरून फिरवायचे आणि तोंड दुसरीकडं करायचे. त्यांनी डॉक्टरांचं सगळं ऐकलं. तरी त्या गेल्या.

पुढच्या पाडव्याला नानांनी हौद बांधला. बशीसारखा उथळ, म्हणजे ससा आला तरी बुडू नये. गावात कुणी गेलं की त्याच्या नावानं रस्त्याच्या कडेला पाणपोई घालायची, रांजण ठेवायचे, ही रीत. नाना म्हणाले, माणसाला पाणी पाजणारे लई हायेत, मुक्या जिवाला मी पाजतो. पाडव्याला पहिली बादली, आणि मृग लागेपर्यंत रोज. मधे एक दिवसही खंड नाही. संध्याकाळी हौद भरला की ते पाटीपाशी थांबून हळूच म्हणायचे, "भरलं गं." श्रेयाला ते ऐकू यायचं, आणि आपल्याला ऐकू येतं हे ती त्यांना कळू द्यायची नाही.

पहिल्या उन्हाळ्यात मोर आले, ससे आले, रोह्यांची, म्हणजे नीलगायींची, एक जोडी आली. आणि खोकडं आली. खोकड म्हणजे आपल्याकडचा लहान कोल्हा. मांजरापेक्षा थोडा मोठा, राखी अंगाचा, झुपकेदार शेपटीचं टोक काळं, जणू दौतीत बुडवलेलं. नर पुढं, मादी मागं. दूर उभं राहून आधी वारा हुंगायचा, मग पाणी, आणि जरा कुठं भांडं वाजलं की पसार. या वर्षी मादीनं वरच्या बांधात बीळ केलं आणि माघ सरता सरता तिला पिलं झाली. श्रेया मुक्ताला घेऊन खिडकीत बसायची, एकीकडं लेक दूध पीत असायची आणि समोर बांधावर ती मादी आडवी पडलेली, पिलं तिच्या अंगावर लोळत असायची. पिलं तीन होती. नाना एकदा येऊन म्हणाले, "तू गेल्या साली बाळंतीण, ती औंदा. तिला डिंकाचे लाडू कोण करून घालतं?"

"तिला उंदीर आहेत की नाना."

"मग तिचं बरं चाललंय."

श्रेयाला वाटायचं, आपण काही केलंय ते हेच. दुसरं सगळं अर्धवट होतं. शिक्षण अर्धवट, झोप अर्धवट, अभयशी बोलणं तर रोजच अर्धवट, कारण सगळं शहर ओलांडून शेंद्र्याहून आला की तो ताटावरच पेंगायचा. पण या खिडकीसमोर एक रानटी आई तिच्या नजरेच्या टप्प्यात निवांत झोपते, हे पूर्ण होतं.

चैत्र संपत आला तेव्हा कुणीतरी फाटकापाशी एक खोकं ठेवून गेलं. आत कुत्र्याची पिल्लं. इथं जनावरांना थारा आहे ही बातमी शहरात पोचली होती, आणि ज्यांच्या घरात थारा नव्हता त्यांनी तिचा असा उपयोग करून घेतला. श्रेयानं खोकं उघडलं तर तीन ओली नाकं वर आली. एकाच्या डोळ्यांत चिपडं साचली होती. मुक्ताला सर्दी झाल्यावर पुसते तसे तिनं कोमट पाण्याच्या बोळ्यानं ते डोळे पुसले.

"ठेवायची का नाना?"

"ठिव की. तिच्या पाण्याला कोण नाय म्हणतंय?"

पिल्लं हौदावर प्यायला लागली. पडायची, पाण्यात शिंकायची, पाटीच्या पायाशी झोपायची. एका आठवड्याच्या आत त्यातली दोन गेली. एकाला मरताना झटके येत होते, पाय हवेत पळत होते. उन्हानं असेल, आईविना होती, असं श्रेयानं स्वतःला समजावलं आणि लिंबाखाली खड्डा केला. तिसरं एका सकाळी दिसलंच नाही.

त्यानंतर पुण्याहून मोनिका आणि शिवम आले. दोघं नोकरदार, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. मोनिका उतरल्या उतरल्या म्हणाली, "ताई, बिबट्या येतो का?"

"नाही, इथं नाही येत."

"बघ!" शिवम म्हणाला. "मी म्हटलं होतं, तुझ्या नशिबात मीच आहे."

दुसऱ्या दिवशी, टळटळीत दुपारी, ओसरीवर जेवणं चालली होती. नाना वाढलेल्या ताटात भाकरी कुस्करत होते, मुक्ता सतरंजीवर बसून रिकामी वाटी आपटत होती. आणि मोनिका एकदम कुजबुजली, "ताई, ते बघा."

खोकडाची मादी अंगणात उभी होती. भर उन्हात. वाटीचा आवाज चालू होता तरी उभी होती. मग एक पाऊल पुढं आली, थांबली, आणखी एक. लिंबाची सावली ओलांडून ती सरळ ओसरीच्या पायरीपाशी आली.

कुणी हललं नाही. मोनिकानं फोन उचलला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "किती विश्वास आहे हिचा तुमच्यावर," ती पुटपुटली. श्रेयाच्या अंगावर काटा आला. दोन उन्हाळे ती ज्याची वाट बघत होती ते हे होतं. तिनं मुक्ताला हळूच मांडीवर घेतलं आणि तिच्या कानात म्हणाली, "बघ सोनू, कोण आलंय. मावशी आलीय तुझी."

मादी तोंड हलवत होती. काहीतरी चघळत असावी. मग वळली, चालताना किंचित झोकांडली आणि भिंतीच्या कडेनं निघून गेली.

"दमलीय बिचारी," नाना म्हणाले. "पोरं लुचून खात्यात."

मोनिकानं पाठवलेला व्हिडिओ श्रेयानं लगेच सगीराला धाडला. सगीरा जनावरांची डॉक्टर, पडेगावात तिचा दवाखाना. दोघींची ओळख नानांच्या गाईच्या बाळंतपणात झालेली, आणि मग मैत्री. श्रेयानं खाली लिहिलं, 'आली शेवटी पायाशी!'

फोन लगेच वाजला.

"हा कधीचा आहे?"

"आत्ताचा! बघितलंस ना? अगं, पायरीपर्यंत आली!"

"मुक्ता कुठंय?"

"माझ्या मांडीवर. का?"

"तिला आत घे आधी. सगळे आत जा." सगीराच्या मागं गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. "जबडा बघ तिचा, श्रेया. तोंडात काही नाहीये तरी चावतेय. डोळे बघ. ती माणसाळली नाहीये गं. तिला माणूस दिसेनासा झालाय."

श्रेया पाहुण्यांसमोर फोन धरून उभी राहिली. मोनिका विचारत होती, काय म्हणाल्या, आवडला का व्हिडिओ?

सगीरा आली तोवर मादी बांधाच्या पायथ्याशी एका कुशीवर पडली होती. तिचे पायही हवेत पळत होते. श्रेयानं ते पाय ओळखले. लांबून बघत सगीरानं एकच प्रश्न विचारला, "इथं कुत्री आली होती का?" श्रेयानं लिंबाकडं बोट केलं. मग खोक्याचं सांगितलं, चिपडांचं सांगितलं, बोळ्याचं सांगितलं. सगीरानं डोळे मिटून घेतले. "अल्ला. एक फोन करायचा होतास मला."

"मला वाटलं सर्दी..."

"हां. तसंच दिसतं ते."

दिवस कलायच्या आत मादी गेली. वनखात्याची माणसं येऊन तिला पोत्यात घालून तपासायला घेऊन गेली. मोनिका आणि शिवम एक दिवस आधीच निघाले. जाताना मोनिका श्रेयाच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मी तो व्हिडिओ काढून टाकते." श्रेया म्हणाली, "हो, टाका." श्रेयाच्या स्वतःच्या फोनमध्ये तो अजून होता. त्यात तिचाच आवाज होता, मावशी आलीय तुझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगीरा पुन्हा आली, ओसरीवर बसली. नानांनी तिच्यासाठी स्वतः चहा आणला. ते तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे आणि ती त्यांना चाचा.

"चाचा, हौद रिकामा करावा लागेल."

नाना खाली बसले. "धुवून काढू. सकाळी घासतो मी."

"धुवून नाही. त्यात औषध टाकून रिकामा करायचा आणि कोरडा ठेवायचा. पावसापर्यंत."

"पावसापर्यंत म्हंजी?"

"ह्या एका पाण्यावर आसपासचं सगळं रान गोळा होतं, चाचा. नाकाला नाक लावून पितात. कुत्र्यांचा हा आजार माणसाला होत नाही, पण जनावरांत एकाचा दुसऱ्याला असाच लागतो. तिची पिलं आहेत, नर आहे, मुंगसं आहेत, रानमांजर आहे. इथं पाणी दिसलं की येणारच. विखुरली तर काही वाचतील."

"वैशाख हाय डॉक्टरीणबाई. कुठं जात्याल ती?"

"टेकडीपलीकडं नाला आहे. लांब आहे. पण जातील."

"मधीच मोडायची पाणपोई?" नानांनी श्रेयाकडं पाहिलं, जणू हे तिनं सांगायला हवं होतं. "पाडव्याला घातलेली पाणपोई मृगाच्या आधी मोडत नसत्यात. गेलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी असतंय ते."

"चाचा, ते पाणी आता पाणी राहिलेलं नाही."

नाना हसले. ते हसणं श्रेयाला आवडलं नाही. "मागं बी एक डाक्टर असंच म्हणला हुता. पाणी दिऊ नका, पाणी बाधतंय त्यांला. मी ऐकलं. ती हात जोडायची, तरी ऐकलं. वाचली का?"

सगीरानं कप खाली ठेवला. तिनं खोटं सांगायचा प्रयत्न केला नाही. "नाही वाचल्या, चाचा."

"मग?"

तिनं चपला पायात सरकवल्या. सगीरा गेली. जाताना फाटकापाशी श्रेयाला म्हणाली, "तुला करावं लागेल हे. आणि लवकर. ते पाणी तिथं असेल तोवर मी दिलेलं कुठलंच औषध कामाचं नाही."

अभयला फोन केला तर मागं मशीनचा घणघणाट. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सगीरा म्हणते तर करायला पाहिजे."

"तू सांग नानांना."

"श्रेया, मी आईच्या उशाला होतो गं तेव्हा. मला नाही जमायचं त्यांना हे सांगायला. तू बघ ना."

फोन ठेवल्यावर तिला राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण त्याची बाजूही तिला समजत होती आणि ते जास्त वाईट होतं. ज्यांनी काही केलं नव्हतं ते दोघं आपापल्या जागी रडवेले होऊन बसले होते आणि खोकं उघडणारी ती होती. नानांनी एकदा तरी म्हणावं, तूच आणलीस ती रोगट पिल्लं. ते म्हणत नव्हते. जेवायला बसले, भाकरी अर्धी ठेवली, मुक्ताला घोडा घोडा केलं, आणि संध्याकाळी बादली घेऊन हौदाकडं गेले. श्रेया दारात उभी राहून बघत राहिली. आज त्यांनी 'भरलं गं' मोठ्यानं म्हटलं. श्रेयाला ऐकू जावं म्हणून म्हटलं.

दिवसाआड एक बातमी. मुंगसाचं एक पिलू फांद्यांच्या ढिगापाशी मरून पडलं. खोकडाचा नर दिसेनासा झाला. मग पिलं आपली आपणच हौदावर यायला लागली, तिघांतली दोनच, तिसरं पुन्हा दिसलं नाही; मग त्यातलं एक नाक गळत, एका जागी गोल गोल फिरत. दुसरं मात्र अजून टणक होतं. कान उभे, डोळे स्वच्छ. ते पाणी पिऊन भावाच्या शेजारी बसायचं आणि त्याचं नाक चाटायचं. नाना काठी घेऊन हौदाशी बसून राहायचे, भटकी कुत्री आली तर हाकलायला. कुत्री येत नव्हती. जे यायचं ते येऊन गेलं होतं. गोल फिरणारं पिलू एका सकाळी हौदाच्या काठावरच सापडलं, तोंड पाण्याला लागलेलं.

नानांनी ते फावड्यानं उचललं. श्रेया त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मुक्ता तिच्या पाठीला जुन्या साडीनं बांधलेली होती.

"नाना, आज मी पाणी काढतेय."

त्यांनी मान वर केली नाही.

"एक राहिलंय त्यातलं. ते तरी राहायला पाहिजे. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, आयुष्यभर बोला. आईंना काय सांगायचं ते मी सांगेन. माझ्या हातनं आलं हे. मीच काढते. तुम्ही घरात बसा."

"घरात काहून बसू?" नाना म्हणाले. "तिला बी एकटीला नव्हतं सोडलं मी."

आणि ते हौदाच्या काठावर बसले.

श्रेयानं तोंडाला फडकं बांधलं. सगीरानं दिलेली ब्लीचिंग पावडर पाण्यात सोडली, तिच्या सांगण्याप्रमाणं थांबली, आणि मग उपसायला लागली. हौदाला पाणी सोडायला भोकच नव्हतं. बांधताना गवंड्यानं विचारलं होतं, तेव्हा नाना म्हणाले होते, पाणी सोडायचं कशाला? म्हणून बादली बादली उपसून रस्त्याकडच्या खडकाळ उतारावर ओतायचं. मुरूम ते पाणी आवाज करून पीत होता. पाठीवर मुक्ता झोपली, तिची मान श्रेयाच्या खांद्यावर लोंबकळायला लागली. पाणी कमी झालं तसा तळाचा शेवाळी रंग दिसायला लागला, मग तांब्यानं घ्यावं लागलं, मग फडक्यानं. ती गुडघ्यांवर बसून हौदाचा तळ पुसत होती, जशी सकाळी घर पुसते. नाना बघत होते. एकदाही त्यांनी हात लावला नाही आणि एकदाही नजर काढली नाही.

शेवटचं फडकं पिळून झाल्यावर ते म्हणाले, "पाटी काढ. कोरड्या हौदावर तिचं नाव नको."

श्रेयानं दगड हलवले. पत्रा उन्हानं इतका तापला होता, की पदरात धरून न्यावा लागला. तिनं तो देव्हाऱ्यामागं ठेवला आणि पहिल्यांदा रडली. आवाज न करता, कारण मुक्ता पाठीवर झोपलेली होती.

दिवेलागणीला मोर आले. रिकाम्या हौदाभोवती एक फेरी मारून, माना लांब करून, निघून गेले. ससा आला, गेला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एकेकाला जाताना बघत होती. कुणी तक्रार करत नव्हतं. आले, नाही म्हणून कळलं, गेले. तेवढ्यानं तिला जरा हायसं वाटलं.

मग ते पिलू आलं.

हौदात उतरलं. कोरडा तळ चाटला, औषधाच्या वासानं शिंकलं, पुन्हा चाटला. मग मधोमध बसलं आणि तिच्याकडं बघायला लागलं. कान उभे, डोळे स्वच्छ.

"जा," श्रेया म्हणाली.

ते बसून राहिलं. तिनं ताट उचलून उलथन्यानं बडवलं. मुक्ता दचकून आत रडायला लागली. पिलानं मान वाकडी केली. तिनं आणखी जोरात बडवलं, ओरडली, "जा ना! इथं काही नाही आता! जा!" पिलू उठलं आणि तिच्याच दिशेनं दोन पावलं आलं.

नाना मागं येऊन उभे होते. "तुझ्या आवाजाला नाय भ्यायचं ते," ते म्हणाले. "तुझा आवाज ऐकतच मोठं झालं."

श्रेयानं खालून खडा उचलून फेकला. तो पिलाच्या पलीकडं पडला. पिलानं उडी मारून त्याच्यामागं धाव घेतली, तो हुंगला, नाकानं ढकलला, आणि पुन्हा तिच्याकडं पाहिलं, शेपटी हलवत. आणखी टाक म्हणत असावं.

"नाना, तुम्ही मारा."

नानांनी वाकून दगड उचलला. हातात घेऊन उभे राहिले. हात वर गेला, तिथंच थांबला, खाली आला. दगड त्यांनी तिच्यापुढं धरला. "माझ्यानं नाय व्हायचं पोरी. मी एकदा केलंय."

मुक्ताच्या रडण्याला आता टाहो फुटला होता. श्रेयानं दगड घेतला. तो गरम होता आणि हाताला बरोबर बसत होता. पिलू पुढचे पाय ताणून, मागचं अंग वर करून तिच्या फेकण्याची वाट बघत होतं. तिनं नेम धरला.

दगड मागच्या पायावर बसला. पिलू एकदाच कळवळलं, माणसाच्या लेकरासारखं, आणि मग लंगडत, मागं न बघता, काट्यांतून वर टेकडीकडं गेलं. काळ्या टोकाची शेपटी कुसळांत थोडा वेळ दिसली. मग नुसती कुसळंच हलताना दिसली.

नाना हौदाकडं पाठ करून उभे होते. त्यांनी पाहिलं नव्हतं.

"लागलं का गं त्याला?"

"लागलं, नाना."

"लई?"

"चालत गेलं."

नानांनी मान हलवली. मग म्हणाले, "मग आता नाय यायचं ते."

"नाही यायचं."

आत लेक रडत होती. श्रेया हात पदराला पुसत होती आणि पुसतच राहिली. नानांनीच शेवटी खाली पडलेलं ताट आणि उलथनं उचललं आणि म्हणाले, "जा. तिला घे."